भिंतवाली

ओळंब्याला काम मिळालं सोमवारी, आणि ते काम मुळात करायचं की नाही हे ठरवायला बैठक भरायची होती गुरुवारी. मधले तीन दिवस तो, त्याची बायको आणि त्याची हत्यारं कॉलेजच्या पडक्या भिंतीपाशी बसून होती. हत्यारांचं ठीक आहे, त्यांना बसायची सवय असते. ओळंब्याला नव्हती.

ओळंबा हे त्याचं नाव नव्हे. गवंडी दोरीला शिसं बांधून भिंत सरळ आहे का बघतो, ते हत्यार म्हणजे ओळंबा. हा माणूस चालायला तसाच ताठ आणि बोलायला तसाच सरळ. जिथं एखादा शब्द जरासा वाकवला तर सगळ्यांचंच भलं होईल, तिथंही न वाकणारा. म्हणून लोकांनी ते नाव त्याला चिकटवलं होतं. बायको म्हणायची, "खरा ओळंबा निदान गुंडाळून पिशवीत तरी जातो. यांना ठेवायचं कुठं?"

धंदा पिढीजात. दगडाच्या कोरड्या भिंती रचायचा. ना चुना, ना सिमेंट, नुसता वजनाचा आणि नजरेचा खेळ. खाली रुंद, वर निमुळती, आणि ठरावीक उंचीला एकेक लांब दगड या तोंडापासून त्या तोंडापर्यंत टाकलेला, दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा. त्यांच्या घरात त्याला आरपार म्हणत. आणि घरात एक नियम होता, जेवणाआधी हात धुण्याइतका पक्का: हातात घेतलेला दगड परत खाली ठेवायचा नाही. उचललास ना, मग त्याला जागा शोध.

त्यांची धाकटी, बारकी, त्याच कॉलेजात शिकत होती. हे दुसरं वर्ष.

कॉलेज लहान. मुलंमुली मिळून एकशे दहा. टेकडीच्या उतारावर, पूर्वी क्षयाच्या रोग्यांसाठी बांधलेल्या दवाखान्यात. त्यामुळं खिडक्या मोठ्या आणि वारा फुकट. बारकी परीक्षेत पहिली आली होती म्हणून तिला तिथं फुकट घेतलं होतं, एवढं आईला सांगता यायचं. पुढचं जमत नसे. "काय शिकते तुमची?" असं शेजारणीनं विचारलं की आई म्हणायची, "सकाळी कविता. मग मुंग्या. जेवण झालं की दोनशे वर्षांपूर्वीची एक लढाई. आणि चार ते सहा भांडी."

भांडी खरीच होती. त्या कॉलेजात प्रत्येकानं दिवसाचे दोन तास हातानं काम करायचं, मग तो कुणाचाही मुलगा असो. बारकीच्या वाट्याला मोरी आली होती.

"आणि यातून पुढं काय होतात?" शेजारीण सोडायची नाही.

"चांगलं माणूस होतात, असं प्राचार्यबाई म्हणाल्या."

"मग आत्ता काय आहे ती?"

यावर आई विळी पुढं ओढायची. खरं तर हे बारकीलाही सांगता आलं नसतं.

तिची पंचाईत पहिल्याच आठवड्यात सुरू झाली होती. तिथं एक सर होते. मुलं त्यांना विचारसर म्हणत, कारण काहीही विचारलं की ते उत्तर द्यायच्या ऐवजी उलट विचारत, "तुला काय वाटतं?" डॉक्टरची मुलगी, जी बारकीच्या खोलीत राहायची, तिला लगेच काहीतरी वाटायचं. अंघोळीचं पाणी तापेपर्यंत तिला तीन गोष्टी वाटून जायच्या. बारकी मात्र वहीत बघत बसायची. वाटायचं म्हणजे नेमकं काय करायचं? घरी तिला कुणी कधी हे विचारलंच नव्हतं. दगड बसतो किंवा डुगडुगतो, त्यात आपल्याला काय वाटायचंय?

मग सरांनी निबंध दिला होता. रोज दिसणारी, पण आपण कधी न पाहिलेली एक गोष्ट. बारकीच्या खिडकीतून कॉलेजची हद्दभिंत दिसायची. ती भिंत तिनं पाहिली आणि पहिल्याच नजरेत तिच्या लक्षात आलं की मधल्या टप्प्यात आरपार टाकलेलेच नाहीत. दोन तोंडं वेगवेगळी उभी आहेत, एका घरात न बोलणाऱ्या जावांसारखी. भिंतीला पोट सुटलंय. एका पावसाळ्याची सोबती.

पण हे काही कॉलेजात लिहायचं नसतं, असं तिला वाटलं. हे तर काम झालं. म्हणून ते सगळं बाजूला ठेवून तिनं सरांना आवडेल असं लिहिलं. भिंत कशाला? आत कोण, बाहेर कोण, हे कोणी ठरवलं? लिहिताना तिला त्यातलं निम्मं कळत नव्हतं, पण वाक्यं एकाला एक लागून येत गेली. सरांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. वाचून झाल्यावर ते जरा वेळ गप्प राहिले, आणि त्या कॉलेजात सर गप्प राहणं म्हणजे फार मोठी शाबासकी होती. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं भिंतवाली.

पावसाळ्यात भिंत पडली. पन्नास पावलं, बरोब्बर जिथं पोट सुटलं होतं तिथं.

आणि आता कॉलेजच्या कारकुनानं ओळंब्याला बोलावून चाळीस दिवसांचं काम सांगितल्यावर, मुलांनी ठराव आणला होता की पडलीच आहे तर पडू दे. भिंत कशाला?

*

सोमवारी दुपारी बारकी आईबाबांसाठी किटलीतून चहा घेऊन खाली आली तेव्हा बाबा दगड निवडत होते. मोठे एका रांगेत, दर्शनी तोंडाचे दुसऱ्या, फटी भरायच्या चिपांचा ढीग वेगळा. माणूस देवळात चपला लावतो तसं, कुणी सांगितलं नसताना. आई सावलीत बसली होती. तिचा उजवा खांदा गेल्या हंगामापासून धरला होता. हात कानाच्या वर जायचा नाही. केस विंचरायचे तर ती मान हाताकडं न्यायची.

"कपबशीला साबण राहिलाय," आई म्हणाली. "तूच घासलीस का?"

"हो."

"कविता म्हणत घासली असशील."

तेवढ्यात डॉक्टरची मुलगी उतारावरून आली. पोरगी गोड. दोघांना वाकून नमस्कार केला, आणि मग ओळंब्याला म्हणाली, "काका, एक विनंती होती. अजून ठराव झाला नाहीये ना. तर तोवर दगड आहेत तसेच राहू देत. नाहीतर सगळं आधीच ठरल्यासारखं दिसतं."

ओळंब्याच्या हातात तेव्हा एक दगड होता. चांगला, दोन तोंडांचा. तो एकदा पोरीकडं बघत राहिला, एकदा दगडाकडं. मग चार पावलं मागं गेला आणि जिथून उचलला होता तिथं, ओल्या मातीत उमटलेल्या त्याच खळग्यात, तीच बाजू वर करून ठेवून दिला.

बारकीनं बाबांना दगड परत ठेवताना उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं किटली उगाचच या हातातून त्या हातात घेतली.

"थँक यू काका," डॉक्टरची मुलगी म्हणाली. आणि आईकडं वळून कौतुकानं, "खरं तर हे सगळं हिच्यामुळेच सुरू झालं, काकू. हिनं असा निबंध लिहिला होता ना, आम्ही सगळे हादरलो."

ती गेली. आईनं चहा संपवला. कप पालथा ठेवला.

"म्हणजे बापाच्या पोटावर पाय दिलास," ती म्हणाली. "तोही शुद्धलेखनात."

"आई, मला माहीत होतं का भिंत पडणार आणि बाबांनाच..." बारकी थांबली. कारण भिंत पडणार हे तर तिला माहीतच होतं.

आईला चिडायला वेळ नव्हता. तिच्या डोक्यात दुसरंच गणित चालू होतं. हे चाळीस दिवसांचं काम झालं असतं, तर ते संपेपर्यंत खालच्या गावात पाटाच्या कडेचं काम लागत होतं. खांद्याला जरा उसंत मिळाली असती. संध्याकाळी दोन तास बारकी हाताशी आली असती. काम गेलं तर पर्याय एकच, घाटरस्ता. चार दिवसांच्या वाटेवर. तिथला मुकादम ओळखीचा होता, पण त्याचा नियम होता: भिंतीच्या कामावर तिघांची टोळी. दोघं आले तर खडी फोडायला बसायचं. तिसरं माणूस म्हणजे बारकी. थोरली लग्न होऊन गेली होती आणि दगडाच्या कामाला येईल असं दुसरं कुणी नव्हतं. एक हंगाम कॉलेज सुटलं की जागा गेली, हेही कारकुनानं मागंच सांगून ठेवलं होतं.

"खडी फोडायला," आई स्वतःशीच म्हणाली. "यांना. ज्यांनी रचलेल्या भिंतींवर लोकांची नातवंडं बसतात."

बाबा मघाच्या त्या दगडाकडं बघत होते. "निबंध आण," ते म्हणाले. "वाचून दाखव."

बुधवारी तिनं वाचून दाखवला. बाबा उकिडवे बसून ऐकत होते, डोळे मिटून. डॉक्टर छाती तपासताना बसतात तसे. दोन पानं. शेवटी "आत कोण, बाहेर कोण" आल्यावर बारकीचा आवाज आपोआप खाली गेला.

"झालं?"

"झालं."

"आरपार टाकले नव्हते ते लिहिलंच नाहीस."

बारकीनं पानं दुमडली.

"दिसलं नव्हतं का?"

"दिसलं होतं."

"मग?"

"ते लिहायचं असतं असं वाटलं नाही."

बाबांनी बराच विचार केला. "म्हणजे दिसलं तेवढं सोडून बाकी सगळं लिहिलंस," ते म्हणाले. रागावून नाही. गिऱ्हाइकाला भिंतीतला दोष दाखवतात तसं.

*

बैठक जेवणघरात. टेबलं भिंतीला लावून बाकं गोल मांडलेली. त्या कॉलेजात हात वर करून मोजायची पद्धत नव्हती. सगळ्यांनी बोलायचं, आणि कुणाचाच नकार उरला नाही की ठराव झाला. एकाचा जरी नकार उरला तरी अडला. त्यामुळं एकदा जेवणाची घंटा पितळेची असावी की लोखंडाची यावर तीन गुरुवार गेले होते.

प्राचार्यबाईंनी ओळंबा आणि त्याच्या बायकोलाही बोलावलं होतं. "ज्यांचं काम आहे त्यांनीही ऐकावं," त्या म्हणाल्या. दोघांना खुर्च्या दिल्या. आई टोकावर बसली. बाबांनी आपल्या धुळीच्या कपड्यांकडं बघितलं, खुर्चीच्या गादीकडं बघितलं, आणि दाराला टेकून उभे राहिले.

एक चष्मेवाला म्हणाला, भिंत म्हणजे भीती. दुसरी म्हणाली, आधी आपण 'आत' कशाला म्हणतो ते ठरवूया. त्यात अर्धा तास गेला. तिसऱ्यानं सांगितलं की तो दोन्ही बाजूंनी आहे.

"हे भांडताहेत का?" बाबांनी हळूच विचारलं.

"नाही हो. हा अभ्यास आहे," आई म्हणाली.

स्वयंपाकाच्या मावशी कधी बैठकीत बोलायच्या नाहीत. त्या दिवशी पदराला हात पुसत उठल्या. "माझ्या वाफ्यात आत्ताच खालच्या गावातल्या शेळ्या यायला लागल्यात. पालक गेला, कोथिंबीर गेली. उद्या ताटात भीतीच वाढीन, ती खा." लोक हसले. आईला मावशी एकदम जवळच्या वाटल्या.

मग फिरत फिरत पाळी बारकीवर आली. आणि सगळं जेवणघर तिच्याकडं वळलं, कारण भिंतवाली तीच.

ती उठली. काल सगळा दिवस तिनं याच क्षणाचा विचार केला होता, आणि जितका केला तितका गुंता वाढला होता. ती 'नाही' म्हणाली की ठराव अडतो. काम राहतं, आईचा खांदा राहतो, तिचं कॉलेज राहतं. एक शब्द. पण तो शब्द तिला वाटतो म्हणून, की बाप दाराशी उभा आहे म्हणून? आणि 'हो' म्हणायचं, तर ते तरी कुणाचं होतं? ते तर तिनं सरांच्या तोंडाकडं बघून लिहिलं होतं. तिनं आपल्या आत चाचपून बघितलं, अंधाऱ्या कोठीत काडेपेटी चाचपतात तसं. हाताला काही लागेना.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

कुणीतरी खोकलं. डॉक्टरच्या मुलीनं तिला धीर यावा म्हणून मान हलवली.

"तो निबंध," बारकी म्हणाली, "मला तसं वाटत होतं म्हणून नव्हता लिहिला. मला दिसत होतं की भिंत पडणार. मधे लांब दगड टाकले नव्हते. ते मी लिहिलं नाही."

विचारसर पुढं झुकले. सवयीनं त्यांचं तोंड उघडलं, पण निघालं ते दुसरंच. "का नाही लिहिलंस?"

"ते फार साधं होतं, सर."

सर तिच्याकडं बघत राहिले. पण हे गप्प राहणं शाबासकीचं नव्हतं. त्यांना बहुतेक खरंच काही सुचलं नव्हतं. मग ते दाराकडं वळले. "तुम्हाला काय वाटतं?"

ओळंब्यानं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"मला?"

"हो. तुम्हाला."

आईनं खुर्चीतून त्याच्याकडं बघितलं. त्या बघण्यात पंचवीस वर्षांचा संसार होता आणि एवढीच विनवणी होती, की बाबा रे, आजचा दिवस जरा वाक.

"पोरगी म्हणते ते खरं आहे," ओळंबा म्हणाला. "आरपार नव्हते. पण तेवढंच नाही. पन्नासातली तीस पावलं अशी आहेत की वरचं सगळं पाणी तिथंच उतरतं. मी तीन दिवस बघतोय. माती तशी वाहिलीय. तिथं आधीही दोनदा भिंत पडलेली असणार, खाली तिन्ही कामांचे दगड वेगवेगळे आहेत."

"तुम्ही बांधली तर?" कारकुनानं विचारलं.

"माझी सात पावसाळे राहील."

"आणि मग?"

"मग पडेल."

आईनं डोळे मिटले.

"तेवढी वाट पाण्याला सोडा," ओळंबा म्हणाला. आता त्याला बोलणं सोपं जात होतं, कारण आता तो भिंतीशीच बोलत होता. "दोन्हीकडची दहा-दहा पावलं तेवढी बांधून टोकं मजबूत करून घ्या. नाहीतर उसवलेल्या स्वेटरासारखी उरलेलीही जाईल. शेळ्यांसाठी मधे काटेरी झुडपं लावा. भिंतीपेक्षा शेळी त्याला भिते."

"किती दिवसांचं काम?"

"नऊ."

एका दमात ठराव झाला. कुणाचाच नकार नव्हता. ज्यांना भिंत नको होती त्यांना मोकळी जागा मिळाली, ज्यांना हवी होती त्यांना भिंत, मावशींना झुडपं. पोरं बाकांवर हात थोपटायला लागली. प्राचार्यबाई म्हणाल्या, इतकी सुंदर बैठक आजवर झाली नव्हती. बारकीला फक्त आईचा अंगठा दिसत होता. उजव्या खांद्याच्या खोबणीत रुतून बसलेला.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "चाळीस म्हणाला असतात तर जीभ झडली असती?"

"दगडाला खोटं कळतं."

"दगडाला पोट नसतं," आई म्हणाली, आणि पुढं चालायला लागली.

*

नऊ दिवस काम चाललं. बारकीनं मोरीच्या बदली भिंत मागून घेतली. वर्षभर साबणाच्या पाण्यात राहून तिचे तळवे मऊ पडले होते. पहिल्या दिवशी फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले, तिसऱ्या दिवशी तिनं चिंध्या बांधल्या. चौथ्या दिवशी कवितेच्या तासाला तिला पेन धरवेना. तरी चार वाजले की ती धावतच उतारावर यायची, आणि दोरी ताणलेली बघितली की तिच्या छातीतली घालमेल थोडा वेळ थांबायची. इथं कुणी काही विचारत नव्हतं. "तोंडाचा." "हा?" "उलटा." "बसला." संपलं.

सहा वाजता वर जाताना घालमेल परत सुरू. वर गेल्यावर मुंग्यांच्या तासाचं आठवायचं. मुंग्या रस्ता कसा ठरवतात, कुणी एक सांगत नाही, तरी ठरतो. ते तिला आवडलं होतं. खरंच आवडलं होतं, कुणाच्या तोंडाकडं न बघता. मग ती घाबरायची. भिंतीपाशी असलं की वाटायचं आपण इथल्या. मुंग्यांपाशी असलं की वाटायचं आपण तिथल्या. माणसानं एका जागी डुगडुगावं, दोन जागी एकदमच डुगडुगायचं म्हणजे काय?

पोरं बघायला यायची. काही जण मदतीलाही यायचे आणि जास्त करून वाटेत यायचे. डॉक्टरची मुलगी मात्र रोज आली. तिनं एक दगड उचलला, बसेना, खाली ठेवायला लागली तर ओळंबा म्हणाला, "ठेवायचा नाही, बाळा. उचललास ना, मग जागा शोध." ती तो दगड घेऊन पाऊण तास भिंतीच्या कडेनं फिरली. शेवटी तो एका जागी बसला तेव्हा तिचे डोळे भरून आले. मग तिचा चेहरा एकदम उतरला.

"काका," ती म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला..."

"तो त्या दिवशीचा दगड तिसऱ्या थरात गेला," ओळंबा म्हणाला. "चांगला निघाला."

आई डाव्या हातानं चिपा भरायची. उजवा हात मांडीवर, झोपलेल्या पोरासारखा. मुकादमाचा निरोप आला होता: टोळी तिघांची असेल तर भिंत, दोघांची असेल तर खडी, महिनाअखेर पोचा. निरोप बारकीसमोरच वाचला गेला. वाचला तिनंच. त्यावर आईबाबा चिपा निवडत राहिले. ये म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर बरं झालं असतं, मग तिला एकाशी तरी भांडता आलं असतं.

आठव्या दिवशी तिनं विचारसरांना जिन्यात गाठलं. "सर, मी जातेय बहुतेक."

"तुला काय..." सर म्हणाले आणि थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुला काही हवं असेल तर सांग," ते म्हणाले. बिचाऱ्यांना याहून जास्त येत नव्हतं.

*

दहाव्या दिवशी सकाळी आईबाबा निघाले. ऊन कोवळं होतं. भिंतीची दोन्ही टोकं नव्या दगडांनी उजळलेली, मधे तीस पावलांची मोकळी वाट. बाबांच्या खांद्यावर हत्यारांची पोतडी. आईच्या डाव्या हातात गाठोडं.

त्या मोकळ्या वाटेच्या बरोब्बर मधे एक ट्रंक ठेवलेली होती. आणि ट्रंकेवर बारकी.

"ही ट्रंक कुणाची?" आईनं विचारलं, जणू पन्नास ट्रंकांतून ओळखायची होती.

"माझी. मी येतेय."

"कुणी बोलावलं?"

"तुम्हाला खडी फोडायला बसवतील."

"मग बसवतीलच ना. उभं तर करणार नाहीत." आईनं गाठोडं खाली ठेवलं. "बरंच आहे की. इतकी वर्षं मी बसून करायचं काम शोधत होते. एका जागी बसायचं, समोर ढीग, ठोकत राहायचं. ना उचल, ना ठेव. खांद्याला आराम पडेल."

बारकी आईच्या तोंडाकडं बघत राहिली. लहानपणी एकदा तिनं खडी फोडली होती, आठ दिवस. प्रत्येक घावाचा हिसका मनगटातून कोपरात, कोपरातून सरळ खांद्यात. आठव्या दिवशी तिला घास तोंडापर्यंत नेता येत नव्हता. आणि आईला हे माहीत नव्हतं होय? तेव्हा भरवलं कुणी होतं?

मग तिच्या लक्षात आलं की हे विचारायला एक माणूस आहे. जगात एकच आहे, की ज्याच्या तोंडून वाकडं निघत नाही. तो जे म्हणेल ते ती करणार होती. तिला एकदम हलकं वाटलं.

"बाबा," ती म्हणाली, "खडी फोडून खांदा जास्त जातो ना?"

आई बाबांकडं बघत नव्हती. ती गाठोड्याची गाठ सोडून परत बांधत होती.

ओळंब्यानं पोतडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. भिंतीकडं बघितलं. डावीकडच्या टोकाकडं, मग उजवीकडच्या. कपाळावर घाम आला, त्या कोवळ्या उन्हात.

"नाही," तो म्हणाला. "बसून असतं ते काम."

आवाज इतका वाईट लागला की बाजूच्या झाडावरच्या कावळ्यालाही पटलं नसतं. त्याचे कान लाल झाले. पन्नाशीच्या माणसानं पहिल्यांदाच सायकल चालवावी तसं ते खोटं वाकडंतिकडं गेलं आणि पडलं. पण त्यानं ते मागं घेतलं नाही.

आईनं गाठ घट्ट ओढली. "ऐकलंस? आता ट्रंक आत घे. वाट अडतेय."

बारकी उठली. तिनं ट्रंक कडेला ओढली. आईनं जाता जाता डाव्या हातानं तिच्या गालाला हात लावला. चिपांची धूळ गालाला लागली. दोघं उतारावरून खाली चालायला लागली. आई पुढं, बाबा मागं.

वीसेक पावलांवर बाबा थांबले. वळले. परत आले.

बारकी दोन पावलं पुढं झाली. आता खरं सांगतील, तिला वाटलं. सांगितलंच पाहिजे, त्यांना राहवणार नाही. आणि सांगावं की सांगू नये, यातलं आपल्याला काय हवंय, तेही तिला कळेना.

बाबा तिच्यापाशी आले नाहीत. डावीकडच्या टोकापाशी गेले, उकिडवे बसले, हात फिरवत फिरवत एक चीप चाचपली. पोतडीतून हातोडी काढून तिला दोन बारीक ठोके दिले. अंगठ्यानं हलवून बघितली. हातोडी परत आत टाकली, आणि मान वर न करता निघून गेले.

वर नाश्त्याची घंटा झाली. पितळेची होती. शेवटी तीच ठरली होती.

बारकीनं ट्रंक उचलली. जड होती. कपडे थोडे, वह्याच जास्त. खाली रस्त्याच्या वळणावर दोन डोकी अजून दिसत होती, एक ताठ आणि एक उजवीकडं कललेलं. ती दिसेनाशी होईपर्यंत ती ट्रंक हातात धरून उभी राहिली. बोटांवरच्या नव्या कातडीत कडी रुतत होती. पण ट्रंक तिनं खाली ठेवली नाही.